दोघांची खुर्ची

१

मला तिथं नेलं होतं ते बसायला. शंभू, माझा लेक, जर्मनीत नोकरीला आहे. जळकोटला फोन करकरून त्यानं माझं डोकं खाल्लं. "अव्वा, ये एकदा. नऊ वर्षं तू बूड टेकलं न्हाईस. बर्फाच्या डोंगरात हॉटेल घेतलंय. आमी दोघं घसरायला जाऊ, तू नुसतं बसायचं." सून शिवप्रिया सोलापूरची, गोड बोलायची. ती म्हणाली, "आत्या, तिथं इतकी शांतता असते की तुम्हाला बसल्या बसल्या झोप लागेल."

झोपेचंच तर सगळं होतं. आमच्या मालकांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि तेव्हापासून मी एक रात्र सलग झोपले नाही. डावा हात तेवढा चालायचा. त्या बोटात तांब्याची जाड अंगठी. ती लोखंडी पलंगाच्या दांडीवर आपटायचे. एकदा टक. जरा थांबून टक टक. पाणी पाहिजे, टक. कूस बदल, टक. नाकावर माशी बसली, तरी टक. आणि मी कुठंही असले तरी तोंडातून निघायचं, "आले, आले." तव्यावर भाकरी, आले. न्हाणीत अंगावर तांब्या घेतलेला, आले.

मालक जाऊन वर्ष झालं. तरी आमच्या शेतीऔषधांच्या दुकानात कुणी काउंटरवर किल्ली आपटली की मी "आले" म्हणून उठायची. फवारणीची औषधं न्यायला आलेले शेतकरी हसायचे. सोलापूरच्या डॉक्टरनं मात्र सांगितलं, "बाई, बीपी बघा तुमचं. झोपा आता, न्हाय तर तुमच्या पलंगाशेजारी कुणीतरी बसंल." मला ते नको होतं. मला कुणाचं काही करायचं नव्हतं आणि कुणी माझं करावं अशीबी इच्छा नव्हती. बास, झोपायचं होतं.

म्हणून गेले.

२

हॉटेल सगळं लाकडाचं. जिना लाकडाचा, भिंती लाकडाच्या, चाललं की पायाखाली करकर वाजायचं. जोडे काढायच्या खोलीत ओल्या लोकरीचा वास. मालकीणबाई गोरीपान, थोराड, रोज मला काहीतरी बोलायची आणि मी "व्हय व्हय" म्हणायची. तिचं काय अडलं नाही, माझंबी नाही.

सकाळी मी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, कपाळाला विभूती लावायची. मग आम्ही तिघं खाली जाऊन पाव खायचो. पाव, लोणी आणि मी जळकोटहून नेलेली शेंगाचटणी. मग ती दोघं नवराबायको पायाला लांब पट्ट्या बांधून डोंगरावर जायची आणि मी खोलीत खिडकीशी शाल गुंडाळून बसायची.

खिडकीसमोरूनच त्यांचा पाळणा जायचा. म्हणजे जाड तार आणि तारेला टांगलेल्या खुर्च्या. एकेका खुर्चीवर दोन माणसं. फार जुना आहे म्हणे, हळू चालतो, पोरं आणि नवशिकी माणसंच बसतात त्याच्यात. खुर्च्या वर जाताना भरलेल्या, पाय लोंबते, पायात पट्ट्या. वरचं टोक धुक्यात असायचं. तिथून माणसं घसरत खाली यायची, म्हणून उतरणाऱ्या खुर्च्या रिकाम्या. भरलेली वर, रिकामी खाली. दिवसभर तेच. आमच्या विहिरीवर पूर्वी मोट होती, तसंच. पाण्याच्या जागी माणसं, एवढाच फरक.

बघता बघता डोळा लागायचा. पहिले दोन दिवस मी अशी झोपले की शिवप्रियानं उठवून जेवायला नेलं. मनात म्हटलं, शंभू, लेकरा, तुझं कल्याण होवो.

३

नंतर एका दुपारी उतरणाऱ्या खुर्चीत माणूस दिसला.

लांब होता, धुक्याच्या खाली नुकताच निघालेला. मला वाटलं, कुणी घाबरून परत आलं असेल. माझ्यासारखीच एखादी म्हातारी. पण त्याचे पाय लोंबत नव्हते. मी चष्मा पुसला. पाय नव्हतेच खाली. तो खुर्चीत मांडी घालून बसला होता.

मला हसूच आलं. म्हटलं, हा आपल्याकडचा! दुसरं कोण बसणार असं? आपली माणसं सोफ्यावर, एस्टीच्या बाकावर, दवाखान्यातल्या स्टुलावरसुद्धा मांडी घालतात. आमचे मालक तर शंभूच्या लग्नात, व्हीलचेअरवर, चांगला पाय दुसऱ्यावर ओढून घालून बसले होते. बरं वाटलं मला. खाली उतरला की बघावं कुठला आहे. पुणेकर निघाला तरी चालेल, बोलायला मिळेल.

खुर्ची झाडांच्या मागं गेली. झाडांतून बाहेर आली तेव्हा रिकामी होती.

संध्याकाळी मी शंभूला सांगितलं. तो म्हणाला, "अव्वा, मधी कुणी उतरू शकत न्हाय. केवढं उंच हाय ते. तू दुसरी खुर्ची बघितली असशील." शिवप्रिया म्हणाली, "चालत जाणारे लोकसुद्धा बसतात आत्या. वर कॉफी पिऊन खाली येतात." पटलं मला. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. दोन डोळ्यांत दोन जगं दिसतात, त्यात एखादी खुर्ची इकडची तिकडं व्हायचीच.

४

दुसऱ्या दिवशी जेवण करून वर आले, पलंगावर पडले आणि टक झालं.

जरा थांबून टक टक.

मी उठून, गडव्यातलं पाणी पेल्यात ओतून, पेला हातात धरून उभी राहिले तेव्हा भान आलं. कुणाला द्यायचं हे? खोलीत मी एकटी. पेला हातात आणि तोंडात "आले." स्वतःचाच इतका राग आला की पाणी मीच पिऊन टाकलं.

आवाज खिडकीखालच्या लोखंडी नळ्यांतून येत होता. त्या नळ्यांतून कढत पाणी फिरतं, खोली गरम राहते. मी कान लावला. परत टक. थांबून टक टक. मी खाली जाऊन मालकीणबाईला हातानं ओढत वर आणली. तिनं ऐकलं, मान हलवली, हात आकसून आणि पसरून दाखवला. म्हणजे लोखंड तापतं, फुगतं, वाजतं. मला कळलं. दुकानाचं पत्र्याचं शटरपण उन्हात वाजतंच की. तिनं तोटी फिरवून नळ्या बंद केल्या. आवाज थांबला.

मग थंडी अशी भरली की दोन रग घेऊनसुद्धा दात वाजायला लागले. तरी मी तोटी उघडली नाही. गारठ्यात पडून राहिले आणि पडल्या पडल्या लक्षात आलं, पाळण्याची खुर्ची खांबावरच्या चाकांवरून जाते तेव्हा तीपण वाजते. एकदा टक. जरा थांबून टक टक. पहिले दोन दिवस हेच वाजत होतं आणि ह्याच आवाजात मी गाढ झोपले होते.

५

मी खिडकीशी बसायचं सोडलं. खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवली. शिवप्रियानं विचारलं, "आत्या, बाहेर बघायचा कंटाळा आला का?" म्हटलं, "बर्फानं डोळे दुखतात गं." खोटंच. भिंतीकडं बघत बसायला मी काय शिक्षा झालेलं पोर आहे? अर्ध्या तासात खुर्ची परत फिरवली.

तो होताच. ह्या वेळी पुष्कळ खाली आलेला. अंगावर पांढरं. डोक्यावर, खांद्यांवर, मांडीवर, सगळीकडं जाड बर्फ बसलेलं, आणि बाहेर तर लख्ख ऊन होतं. ताठ बसलेला. खुर्चीच्या मध्यभागी नाही, एका कडेला. शेजारची अर्धी जागा मोकळी. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी त्यानं ती सोडलेली.

आता हे सांगावंच लागतं. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवून नेतात. खड्ड्यात एका बाजूला कोनाडा खणतात, त्यात मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात आणि विभूती, मीठ, बेलाची पानं असं गच्च भरतात. भोवती पोकळ राहू द्यायचं नसतं. मालकांना आमच्याच शेतात बसवलं. जागा विहिरीजवळची, काळी ओली माती. कोनाड्याची एक बाजू खणता खणता ढासळली आणि एकाच्या जागी दोघांची जागा झाली. आणलेली विभूती, मीठ, सगळं मालकांपुरतंच पुरलं. शेजारी पोकळ राहिलं. स्वामी म्हणाले, "भरून घ्या, असं ठेवू नका." दिवस मावळायला आलेला, लांबची पाहुणे मंडळी जायच्या गडबडीत. माझे दीर शरणप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या स्वामी. पुढं वैनीला लागंलच की ती जागा."

चार माणसं हसली. मी बांधावर उभी होते. अंगठी मालकांच्या बोटातच राहिली होती, बोट सुजल्यामुळं निघाली नाही. रडायचं सोडून मला दिराचाच राग आला. म्हटलं, नऊ वर्षं हातपाय चेपले ते कमी झालं म्हणून आता खालीबी शेजारीच? पण बाईमाणसानं अशा वेळी काय बोलायचं? वरून माती लोटली आणि आम्ही घरी आलो.

खिडकीतून मी त्या पांढऱ्या माणसाकडं बघत होते. तोंड दिसत नव्हतं. डावा हात मांडीवर उताणा होता, तेवढं दिसलं. खुर्ची झाडांत गेली आणि रिकामी बाहेर आली.

६

मी दिरांना फोन लावला. तिकडं दिवेलागण झाली असणार. शरणप्पा नेहमीच्या खुशीत.

"वैनी! काय म्हणतंय बर्फ? लई गार का?"

"भावजी, मालकांच्या समाधीवर दिवा लावता का न्हाय?"

"लावतो की. आजच जाऊन आलो. अन् बरं झालं इचारलं. वट्याची एक कड खचलीय जरा. ती ढासळलेली बाजू बघा. दोन घमेली माती टाकली तर खाली निघून गेली. आत लई पोकळ हाय वाटतं."

म्हटलं, "आजच भरा ते. आत्ता."

"आत्ता कोण येतंय? सगळे गडी नळदुर्गला खंडोबाच्या जत्रेला गेलेत. आले की ट्रॉलीभर मुरूम टाकतो. एवढी काय घाई वैनी? तुमचीच जागा हाय, पळून का चाललीय?"

हसले. मीबी कसनुसं हसले. फोन ठेवल्यावर मनाला समजावलं. काळी माती खचतेच. लोखंड तापलं की वाजतंच. आजारी माणसाच्या उशाशी इतकी वर्षं काढलेल्या बाईला भास होतातच, त्याला डॉक्टरकडं गोळीसुद्धा असेल. प्रत्येक गोष्टीला कारण सापडत होतं. फक्त सगळ्या गोष्टी एकाच वेळी का, ह्याला सापडत नव्हतं.

शंभू खाली जोडे वाळवत बसला होता. त्याला म्हणाले, "लेकरा, आपण लवकर जायचं का माघारी?"

तो म्हणाला, "का? झोप लागेना? किती हौसेनं आणलं तुला अव्वा. दोनच दिवस राह्यलेत." आणि मग पडेल आवाजात म्हणाला, "अण्णांचं सगळं तूच केलंस. मी तिकडं लांब राहिलो. मला तुला एकदा तरी निवांत बघायचंय."

लेकाचं तोंड बघून मी राहिले.

७

शेवटच्या दिवशी शंभूनं हट्टच धरला. "वर चल. नुसतं बसायचं, वर गरम गरम चहा प्यायचा, तशाच खुर्चीत बसून खाली यायचं. शिवप्रिया पुढं गेलीय, वर वाट बघतीय तुझी." मी नाही म्हणत होते. मग विचार केला, आपण असं भ्यायचं तरी कशाला? जवळ जाऊन बघितलं की लाकडाची खुर्ची आहे, लोखंडाची तार आहे, संपलं. जळकोटला गेल्यावर सांगायला होईल.

पाळण्याचा माणूस, लाल कोट घातलेला, हात धरून मला पुढं घेऊन गेला. शंभू माझ्या शेजारी, पायात पट्ट्या, अंगात निळं जाकीट. वरून उतरलेल्या खुर्च्या मोठ्या चाकाला वळसा घालून आमच्यापर्यंत यायच्या. बर्फ पडलं होतं रात्री, पण लाल कोटवाला प्रत्येक खुर्ची झाडूनं साफ करून देत होता. एक गेली. दुसरी गेली. तिसरी आली आणि त्याचा झाडू मधेच थांबला.

खुर्चीच्या अर्ध्या भागात बर्फ होतं. ते दबलेलं होतं. मांडी घालून बसलेल्या माणसाखालचं दबावं तसं, दोन गुडघ्यांचे दोन खळगे. उरलेली अर्धी जागा मात्र स्वच्छ, कोरडी. कुणीतरी हातानं पुसून ठेवल्यासारखी.

वर खांबावर आवाज झाला. एकदा. मग दोनदा.

भीती नाही वाटली मला, खरं सांगते. संताप झाला. त्या खुर्चीला मी म्हणाले, "न्हाय बसत म्या. नऊ वर्षं केलं तुमचं. आता दुसरं कुणी बघा. मला बसू द्या."

"कुणाला म्हणतीस अव्वा?" शंभू हसला. लाल कोटवाला घाई करत होता, मागं माणसं खोळंबली होती. "बरं बाई, तू नको बसू. मी जाऊन शिवप्रियाला घेऊन येतो." आणि मी त्याच्या जाकिटाला हात घालेपर्यंत तो बसलापण. कोरड्या जागेवर बसला. बर्फाची अर्धी बाजू तशीच सोडून.

खुर्ची वर निघाली. मी पाठीमागून बघत होते. एकटा माणूस मधोमध बसतो. माझा शंभू एका कडेला अंग चोरून बसला होता, दोघांच्या बाकावर बसतात तसा. धुक्यात शिरायच्या आधी त्यानं मान वळवून शेजारी बघितलं.

मी "शंभू" म्हणून ओरडले. इतक्या मोठ्यानं की रांगेतली पोरं दचकली.

८

थोड्या वेळानं शिवप्रिया घसरत खाली आली. चेहरा थंडीनं लाल. "आत्या, आला नाहीत? मी थांबून थांबून वैतागले. शंभू कुठाय?"

"वर गेला की गं. तुला आणायला."

"मी पाळण्याच्या तोंडाशीच उभी होते. तो उतरला नाही. खुर्ची रिकामी आली."

तिला वाटलं, मी चुकीचं सांगतेय. मग तिनं लाल कोटवाल्याला विचारलं आणि त्याचं ऐकताना तिचा चेहरा उतरला. पाळणा थांबवला. फोन झाले. तारेखाली पट्ट्यांवरून दोन माणसं बघत गेली, खाली कुणी पडलेलं नव्हतं. शिवप्रियानं माझा हात धरला होता, तिची बोटं बर्फापेक्षा गार. म्हणाली, "मधे कुणी उतरू शकत नाही ना आत्या? शंभूच म्हणतो तसं." माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, दुसरं कुणी बघा. हे माझ्याच तोंडून गेलं होतं.

पाळणा हळूहळू परत चालू केला. रिकाम्या खुर्च्या उतरायला लागल्या. झाडांच्या मागून एक बाहेर आली, तिच्यात माणूस होता.

मांडी घालून. एका कडेला. अंगावर बर्फ. मला वाटलं, तोच. मग बर्फाखालून निळं जाकीट दिसलं.

लाल कोटवाल्यानं आणि आणखी एकानं उचलून त्याला खाली घेतलं. मांडी सुटेना, तशीच उचलली. पायात पट्ट्या नव्हत्या. जोडेपण नव्हते. डावा तळहात उताणा, आणि तळव्यावर काही नसताना बोटं अशी अर्धवट मिटलेली की आत काहीतरी धरून ठेवलंय असं वाटावं.

"शंभू, अरे लेकरा," मी म्हणाले. त्यानं माझ्याकडं बघितलं. ओळखलं त्यानं मला. चांगलंच ओळखलं. पण आईकडं बघतात तसं ते बघणं नव्हतं.

९

तिथला डॉक्टर येऊन गेला. शिवप्रियानं मराठीत सांगितलं, गारठा बाधलाय, धक्का बसलाय, उजवा हात आखडलाय तो गरम झाला की मोकळा होईल. बोलत नाही, पण बोलेल. त्याला विश्रांती द्या. पोर बिचारी शब्दाशब्दाला माझ्याकडं बघत होती. मी मान हलवत होते. दुसरं काय करू?

त्याला माझ्या खोलीतल्या सोफ्यावर बसवलं होतं. आडवा करायला गेलो तर उठून बसायचा आणि डाव्या हातानं पाय ओढून मांडी घालायचा. बाहेर ऊन उतरलं, पाळणा बंद झाला. खोलीत तिघंच, आणि नळ्यांची तोटी मी बंद केलेली तशीच बंद.

फोन वाजला. शरणप्पा.

"वैनी, गडी आले बघा जत्रंवरनं. लगेच मुरूम घेऊन गेलो, पर कशाचं काय! माघारी आणावा लागला. ती खचलेली कड आपोआप वर आलीय. लोखंडी गज घालून बघितला, एक वीतभर आत जाईना. गच्च भरलंय. देवाचीच करणी म्हणायची."

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. सोफ्याकडं पाठ केली.

"भावजी," मी म्हणाले, "ती जागा माझी हाय का न्हाय?"

"हाय की. आमी कवा न्हाय म्हणलं?"

"मग उकरा ती. आत्ता गडी हाईत तवर उकरा. हातानं उकरा, कुदळ लागू देऊ नका. आत जे असंल त्याला सांभाळून वर घ्या, अन् जागा रिकामी करून ठेवा."

"वैनी, डोकं ठिकाणावर हाय का? तिथं काय असणार? अन् रिकामी कुणासाठी ठेवू?"

"म्या येतेय," मी म्हणाले. "उद्याच्या इमानानं निघते. तवर तुम्ही उकरा भावजी, तुमच्या पाया पडते. माझं लेकरू अंधाराला भितंय."

शरणप्पा काहीतरी विचारत होते. मागं सोफ्यावर टक झालं. जरा थांबून टक टक. सोफ्याची कड लाकडाची होती आणि शंभूच्या बोटात आयुष्यात कधी अंगठी नव्हती. आवाज तांब्याचा होता, लोखंडावरचा.

"काय हवंय रे, पाणी?" शिवप्रिया म्हणाली. ती उठली, गडव्याकडं धावली. सव्वीस वर्षांची पोर. दोन वर्षांचा संसार. पेला भरताना तिच्या तोंडावर आशा होती, नवऱ्यानं काहीतरी मागितलं म्हणून. तिला अजून ठाऊक नव्हतं ह्या आवाजाला किती वर्षं लागतात.

मी फोन चालूच ठेवून खिडकीच्या कट्ट्यावर टाकला आणि तिच्या हातातून पेला काढून घेतला.

"तू बस," मी म्हणाले.

परत टक झालं.

"आले," मी म्हणाले. "आले, आले."